श्रीमंत देणगीदारांना आवर घालायचा तर गाळणी नेमकी कुठे लावायची? (देणगी, खर्च, आणि तिऱ्हाईतांचा पैसा)

ताळेबंद:
"देणगीवर कमाल मर्यादा घाला, प्रश्न मिटला" असं या विषयाच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी म्हणतंच. मर्यादेचा आकडा लिहिणं हे कायद्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. गळती सुरू होते ती त्यानंतर.

पैसा निवडणुकीत तीन वाटांनी येतो. पक्षाला किंवा उमेदवाराला थेट दिलेली देणगी, उमेदवाराने स्वतःच्या खिशातून घातलेला पैसा, आणि ज्याचा कागदोपत्री दोघांशीही संबंध नाही अशा तिऱ्हाइताने परस्पर केलेला प्रचार. एक वाट अडवली की पैसा उरलेल्या दोन वाटांनी येतो. अमेरिकेत हे अगदी स्वच्छ दिसतं. १९७६ च्या बकली खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने देणगीची मर्यादा वैध ठरवली, पण खर्चाची मर्यादा आणि स्वतःच्या पैशावरची मर्यादा दोन्ही रद्द केल्या. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्यात कंपन्यांचा स्वतंत्र प्रचारखर्च मोकळा झाला, आणि त्याच वर्षी खालच्या एका न्यायालयाने अशा खर्चासाठी पैसा गोळा करणाऱ्या गटांवरची देणगीमर्यादाही काढली. त्यातून 'सुपर पॅक' नावाचे, कितीही देणगी घेणारे गट जन्मले. म्हणून तिथे एका माणसाला उमेदवाराच्या खात्यात २०२३-२४ च्या फेरीत एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलरच देता यायचे, आणि त्याच उमेदवाराचा उदोउदो करणाऱ्या गटाला मात्र कितीही.

धागा काढण्याचा हेतू असा की कुठला नियम कुठे फुटतो आणि का, हे तपशिलात मांडू. "सगळे सारखेच" छापाचे प्रतिसाद कृपया दुसरीकडे.

तराजू:
आकड्यापासूनच सुरू करतो, कारण सोपा वाटला तरी त्यातही लोक चुकतात.

मर्यादा उत्पन्नाच्या टक्क्यांत कधीही ठेवू नये. ब्राझीलमध्ये २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या, हे उत्तम झालं. पण व्यक्तीची मर्यादा आदल्या वर्षीच्या उत्पन्नाच्या १० टक्के. म्हणजे जो शंभरपट कमावतो त्याची मर्यादाही शंभरपट. ज्याला आवरायचं त्यालाच मोकळं रान.

कॅनडाने ठोक आकडा धरला. २००४ पासून व्यक्तीला वर्षाला ५,००० डॉलर, २००७ पासून १,०००, २०१५ पासून १,५००, आणि पुढे दरवर्षी २५ डॉलरची वाढ कायद्यातच लिहिलेली. २०२५ मध्ये १,७५०. वाढ आधीच ठरलेली असल्यामुळे संसदेला दर दोन वर्षांनी महागाईचं निमित्त सापडत नाही. मात्र ही मर्यादा एकच नसते. पक्षाला एक, त्या पक्षाचे सगळे उमेदवार आणि स्थानिक शाखा मिळून दुसरी, पक्षनेतेपदाच्या स्पर्धकांना मिळून तिसरी. कायदा वाचताना आकड्यापेक्षा "कुणाला मिळून" हे शब्द आधी शोधावेत.

आकडा फार खाली नेला तरी फसतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने दोन वर्षांच्या फेरीसाठी गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला ४००, सिनेटच्या ३०० आणि प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराला २०० डॉलर अशी मर्यादा ठेवली. पक्षालाही तीच, आणि स्वयंसेवकाच्या पेट्रोलसारखा खर्चसुद्धा देणगीत धरलेला. २००६ मध्ये ती रद्द झाली. कारण पटण्यासारखं होतं. पदावरच्या माणसाला लोक ओळखतात, नव्याला ओळख विकत घ्यावी लागते, त्यामुळे फार कमी पैशात नवाच मरतो.

उगाच_विचारतो:
कंपन्यांना बंदी घातली तर मालक कामगारांच्या नावाने पावत्या फाडणार नाही का?

हिशेबनीस:
फाडतो. कॅनडातल्या एका बड्या अभियांत्रिकी कंपनीतल्या वरिष्ठांनी कर्मचाऱ्यांना देणग्या द्यायला लावून बोनस किंवा भत्त्याच्या रूपाने भरपाई केली, हे अधिकृतपणे नोंदलं गेलं आहे. क्वेबेक प्रांतात तर बांधकाम आणि अभियांत्रिकी कंत्राटदारांचा हा धंदाच झाला होता, त्यावर चौकशी आयोग बसला. पुढे क्वेबेकने जे केलं ते बघण्यासारखं आहे. तिथली वार्षिक मर्यादा ३,००० डॉलर होती, २०११ मध्ये १,००० झाली आणि २०१३ मध्ये थेट १००. आता हिशेब करा. एक लाख डॉलर गुपचूप घुसवायला आधी ३४ नावं लागत, आता हजार लागतात. चौतीस तोंडं बंद ठेवता येतात, हजार नाही.

दुसरी गोष्ट, देणगी पक्षाच्या हातात पडतच नाही. ती मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे जाते, तिथे नाव-पत्ता-मतदारयादी तपासली जाते आणि मग पुढे पक्षाच्या खात्यात. त्यामुळे "आम्हाला काय माहीत कुणाचा पैसा" हे पक्षाला म्हणता येत नाही. पक्ष उपाशी राहू नयेत म्हणून मतांच्या प्रमाणात मिळणारं सरकारी अनुदानही वाढवलं.

नामधारी देणगीदार (पैसा दुसऱ्याचा, नाव फक्त यांचं) पकडायचे ठोकताळे लेखापरीक्षकांना पाठ असतात. एकाच दिवशी एकसारख्या रकमा, त्याही नेमक्या कमाल मर्यादेइतक्या. एकाच नोकरीदात्याचे लोक, त्यात पगाराच्या मानाने देणगी न झेपणारे. नवरा-बायको-मुलगा अशी कुटुंबंच्या कुटुंबं. आधी कधी दहा डॉलरही न दिलेला माणूस एकदम कमाल रक्कम देतो. यासाठी पावतीवर व्यवसाय आणि नोकरीदात्याचं नाव सक्तीचं हवं, पैसा देणाऱ्याच्याच खात्यातून यायला हवा, आणि "हे पैसे माझे आहेत, कुणी परत दिलेले नाहीत, देणार नाही" अशी सही हवी. ती सही फसवणूक थांबवत नाही. पुढे खटल्यात "मला नियम माहीत नव्हता" हा बचाव संपवते, एवढंच तिचं काम.

आणि शिक्षा नाव देणाऱ्यापेक्षा पैसा देणाऱ्याला जड हवी. दोघांना सारखी ठेवली तर कर्मचारी कधीच तोंड उघडत नाही.

निमूट:
+१. वरच्यात एक भर. खटला भरायची मुदत लांब ठेवायला हवी. असे प्रकार बहुतेक वेळा कंपनीत भांडण होऊन, कुणीतरी नोकरी सोडून, मग बाहेर येतात. तोवर पाच-सात वर्षं गेलेली असतात.

सुताराचा_रंधा:
देणगीबद्दल पुरेसं झालं. खर्च कुणाच्या नावावर पडतो हा त्याहून मोठा खेळ आहे.

फ्रान्सइतकी कडक चौकट क्वचितच दिसेल. कंपन्यांच्या देणग्या १९९५ पासून बंद. व्यक्तीला उमेदवारासाठी ४,६०० युरो, पक्षाला वर्षाला ७,५००. उमेदवार स्वतः पैशाला हात लावत नाही. एक वित्तप्रतिनिधी नेमायचा, त्याच्या एकाच बँकखात्यातून सगळा व्यवहार. हिशेब स्वतंत्र आयोग तपासतो. तरी २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत काय झालं? दुसऱ्या फेरीपर्यंतची मर्यादा सुमारे २ कोटी २५ लाख युरो. तेव्हाचे अध्यक्ष आणि उमेदवार सार्कोझी यांच्या प्रचारावर प्रत्यक्षात खर्च ४ कोटी २० लाखांच्या वर. प्रचारसभा भरवणाऱ्या कंपनीने बिलं उमेदवाराच्या नावाने न फाडता पक्षाच्या नावाने, कधी न झालेल्या परिषदांची म्हणून फाडली. २०१३ मध्ये हिशेब फेटाळला गेला तेव्हा दिसलेला जादा खर्च पाच लाखांच्याही आत होता. खरा आकडा दोन कोटींचा, तो पक्षाच्या हिशेबवहीत झोपला होता. २०२१ मध्ये ते दोषी ठरले, अपिलातही तो निकाल टिकला.

धडा साधा आहे. उमेदवाराची वही तपासायची तर त्याच दिवशी पक्षाची वही आणि पुरवठादाराची वही शेजारी ठेवून तपासा. मंडप, ध्वनिक्षेपक, खुर्च्या, बसगाड्या यांचे पुरवठादार मोजकेच असतात. तीन वह्या जुळल्या नाहीत की पुढचं आपोआप कळतं.

ताळेबंद:
भारताचं १९७४ चं उदाहरण याच जातीचं. कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरायचा. निकाल ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला. पक्षाने केलेला खर्च उमेदवाराचा नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ मध्ये स्पष्टीकरण जोडून! २००३ मध्ये ती सूट आवळली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास बाहेरच आहे (मान्यताप्राप्त पक्षाला ४० प्रचारक). आज लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाला कसलीच नाही. एका बाजूला गळकं भांडं ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूचा थेंबन् थेंब मोजायचा, असा हा प्रकार.

तराजू:
आणि २०१७ चंही सांगा की. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी अशी अट होती, ती काढली. त्यामुळे तोट्यातली किंवा नुसती कागदावरची कंपनीही देणगी देऊ शकत होती. निवडणूक रोखे त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आणले. १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने दोन्ही रद्द केलं. लोक रोख्यांच्या गुप्ततेबद्दलच बोलतात, मला ती नफ्याची अट काढणं जास्त गंभीर वाटतं. नफा ही एक प्रकारची ओळखपरेड होती.

शेंडेफळ:
तिऱ्हाइतांचा प्रचार बंदच का करत नाहीत? सगळा घोळ तिथेच आहे ना?

सुताराचा_रंधा:
बंद करायला गेलं की न्यायालयात पडतं, आणि पडायलाच हवं. ब्रिटनमध्ये तिऱ्हाइताला एखाद्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात फक्त ५ पौंड खर्च करता यायचा. गर्भपातावर उमेदवारांची मतं काय आहेत याची पत्रकं वाटणाऱ्या एका बाईंवर खटला झाला. १९९८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की ही जवळजवळ पूर्ण बंदीच झाली. पाच पौंडांत पत्रकं छापून होत नाहीत.

कॅनडाने मधला मार्ग काढला. तिऱ्हाइताला देशभरात मिळून १,५०,००० डॉलर आणि एका मतदारसंघात ३,००० (मूळ आकडे, पुढे वाढले). २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्पर खटल्यात हे मान्य केलं. युक्तिवाद असा की ज्याच्याकडे सगळ्यात मोठा कर्णा आहे त्याने बाकीच्यांचा आवाज बुडवू नये, म्हणून कर्णा लहान करणं हे बोलण्याचं स्वातंत्र्य राखणंच आहे. अमेरिकेच्या न्यायालयाने १९७६ मध्ये नेमका हाच युक्तिवाद नाकारला होता. दोन शेजारी देश, एकच प्रश्न, उलटी उत्तरं.

मतदारसंघाची वेगळी मर्यादा फार महत्त्वाची. ती नसेल तर देशभरची सगळी रक्कम एकाच अटीतटीच्या जागेवर ओतता येते.

हिशेबनीस:
मर्यादा घालता येत नसेल तिथे 'संगनमत' शब्दाची व्याख्या हा शेवटचा बांध. अमेरिकेत तिऱ्हाईत गटाने उमेदवाराशी ठरवून खर्च केला तर तो देणगी धरला जातो. म्हणून ठरवतच नाहीत! उमेदवार आपल्या संकेतस्थळावर लाल चौकटीत लिहितो, "अमुक भागातल्या ज्येष्ठ महिलांना हे कळलं पाहिजे". शेजारी स्वतःची, निवेदन नसलेली चित्रफीत ठेवतो. गट ती उचलतो आणि जाहिरात करतो. सगळं जाहीर, म्हणजे गुप्त ठरवाठरव नाही, म्हणजे संगनमत नाही. वर अंमलबजावणी करणाऱ्या आयोगात सहा सदस्य, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, आणि कारवाईला चार मतं लागतात. तीन-तीन झालं की फाइल बंद.

व्याख्या लिहायची तर "ठरवून" या शब्दावर टांगू नये, वस्तुस्थितीवर टांगावी. गेल्या दोन वर्षांत उमेदवाराकडे काम केलेला माणूस गट चालवतो का? दोघांचा जाहिरातदार किंवा जनमत चाचणीवाला एकच आहे का? उमेदवाराने तयार केलेली सामग्री वापरली का? उमेदवाराने त्या गटासाठी पैसा गोळा केला का? यातलं एक जरी "हो" असेल तर खर्च देणगी धरा. मनातला हेतू सिद्ध करत बसायची गरजच ठेवू नका.

काटकसर:
सगळे अडवाअडवीचंच बोलताय. श्रीमंताचा पैसा कमी करण्यापेक्षा बाकीच्यांचा वाढवा की.

न्यूयॉर्क शहरात १९८८ पासून पटीने अनुदान आहे. आधी डॉलरला डॉलर, मग चारपट, सहापट, आणि २०१८ च्या सार्वमतानंतर आठपट. शहरव्यापी पदांसाठी रहिवाशाच्या पहिल्या २५० डॉलरवर. १० डॉलर दिले की उमेदवाराला ९० मिळतात. त्यामुळे उमेदवाराला छोट्या लोकांच्या दारात जाणं परवडतं.

अमेरिकेतल्याच सिएटल शहराने त्याच्याही पुढे जाऊन २०१५ मध्ये सार्वमताने कुपनं आणली, २०१७ पासून वापर. प्रत्येक मतदाराला २५ डॉलरची चार कुपनं टपालाने. हवी त्या उमेदवाराला द्या. पैसा मालमत्ता करातून, सुरुवातीला वर्षाला ३० लाख डॉलर. कुपनं घ्यायची तर उमेदवाराने आधी ठरावीक सह्या आणि छोट्या देणग्या जमवायच्या, खर्चाची मर्यादा मान्य करायची, जाहीर वादसभांना यायचं. मतदार नसलेला पण कायदेशीर कायम रहिवासी असलेला माणूसही कुपनं मागू शकतो.

हिशेबनीस:
काटकसर, दोन्ही योजना मला आवडतात, पण पटीच्या अनुदानाची एक काळी बाजू तुम्ही सोडलीत. नामधारी देणगीदार तिथे जास्त फायद्याचा ठरतो! साध्या व्यवस्थेत खोट्या नावाने २५० घातले तर २५०च मिळतात. आठपटीत २५० घातले की सरकारी तिजोरीतून आणखी २,००० निघतात. म्हणून अशा योजनेत लेखापरीक्षण अनुदान देण्याआधी हवं, निवडणुकीनंतर नाही. प्रत्येक देणगीचं सहीचं कार्ड आणि मनिऑर्डर असेल तर तिची प्रत, जुळली नाही तर त्या देणगीवर अनुदान शून्य.

कुपनाला हा रोग नाही, कारण देणारा खिशातून काहीच घालत नाही. तिथे रोग वेगळा, कुपन विकत घेणं किंवा दबावाने गोळा करणं. तो गुन्हा ठरवावाच लागतो.

तराजू:
सिएटलची मोठी अडचण वापराची. पहिल्या खेपेला मतदारांतल्या शेकडा चारपेक्षा कमी लोकांनी कुपनं वापरली, पुढे वाढली. कागदी कुपन घरात हरवतं. आणि खर्चाची मर्यादा पाळणाऱ्या उमेदवारासमोर तिऱ्हाईत गट उभा राहिला की काय? २०१९ मध्ये ॲमेझॉनने नगरपरिषदेच्या निवडणुकीत एका गटाला साधारण १५ लाख डॉलर दिले. योजनेत मर्यादा सैल करायची तरतूद आहे, पण सैल झाल्यावर पैसा पुन्हा मोठ्या देणग्यांतूनच आणावा लागतो. गंमत म्हणजे त्या गटाचे बहुतेक उमेदवार हरले.

"समोरच्याने जास्त खर्च केला की सरकार तेवढं भरून देईल" हा उपाय अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने केला होता, २०११ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. मर्यादा सैल करणं चालतं, पैसा देणं चालत नाही.

काटकसर:
मान्य. करसवलतीपेक्षा मात्र कुपन केव्हाही बरं. कॅनडात पहिल्या ४०० डॉलरवर ७५ टक्के करातून वजा होतात, म्हणजे ४०० दिले की ३०० सुटतात. छान वाटतं, पण ज्याचा कर मुळात शून्य त्याला काहीच नाही. फ्रान्सच्या ६६ टक्क्यांचंही तेच. आधी खिशातून काढा, वर्षभराने सवलत घ्या, हे ज्याच्या खिशात आहे त्यालाच जमतं. दक्षिण कोरियात १,००,००० वॉनपर्यंतची देणगी पूर्ण परत मिळते, तिथेही आधी द्यावीच लागते.

उगाच_विचारतो:
सरकारी पैशावरच पक्ष चालले तर ते लोकांकडे जातीलच कशाला?

ताळेबंद:
म्हणून जर्मनीची अट चांगली. सरकारी अनुदान पक्षाच्या स्वतःच्या कमाईपेक्षा जास्त असू शकत नाही. शिवाय व्यक्तीकडून आलेल्या, माणशी ३,३०० युरोपर्यंतच्याच, प्रत्येक युरोवर ४५ सेंट. कंपनीच्या देणगीवर छदामही नाही. एकूण रकमेलाही वरची मर्यादा. २०१८ मध्ये संसदेने ती १९ कोटी युरोवर नेली. २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती वाढ रद्द केली, कारण वाढीची गरज नीट दाखवलेली नव्हती. वाटणारे आणि घेणारे एकच असले की बाहेरचा पहारेकरी लागतोच. त्याच जर्मनीत देणगीवर मात्र कसलीही कमाल मर्यादा नाही, ३५,००० युरोच्या वर असेल तर लगेच जाहीर करायची, एवढंच.

निमूट:
कर्ज राहिलं. देणगीला मर्यादा किंवा जाहीर करायची सक्ती असेल तर लोक "उसने" देतात. ब्रिटनमध्ये बाजारभावाच्या व्याजाने घेतलेलं कर्ज जाहीर करावं लागत नव्हतं, लाखो पौंडांची कर्जं निघाली, मग २००६ मध्ये कायदा बदलला. कर्ज, जामीन, न भरलेली उधारी, माफ केलेलं बिल, फुकट दिलेली गाडी किंवा विमान, हे सगळं बाजारभावाने देणगीत धरलं पाहिजे.

शेंडेफळ:
आणि उमेदवार स्वतःच कुबेर असेल तर?

तराजू:
ब्राझीलने २०१९ मध्ये ठरवलं, खर्चमर्यादेच्या १० टक्क्यांपर्यंतच स्वतःचे पैसे. कॅनडातही उमेदवाराच्या स्वतःच्या पैशावर मर्यादा आहे. जिथे न्यायालय हे करू देत नाही तिथे फारसं हातात नाही.

उगाच_विचारतो:
तीनच गोष्टी करता येणार असतील तर कुठल्या? क्रम सांगा.

हिशेबनीस:
माझा क्रम. आधी एकच खातं आणि त्यातूनच सगळा व्यवहार, पक्षाचं आणि उमेदवाराचं दोन्ही, पुरवठादारांच्या वह्या तपासायच्या अधिकारासकट. हे नसेल तर बाकी कुठलाही आकडा मोजताच येत नाही. मग तिऱ्हाइतांसाठी नोंदणी आणि मतदारसंघनिहाय मर्यादा. देणगीची मर्यादा तिसरी, आणि तीही बदली पैशाची (अनुदान किंवा कुपनांची) सोय झाल्यावर. उलट्या क्रमाने केलं तर पहिल्याच निवडणुकीत पैसा तिऱ्हाइतांकडे सरकतो आणि पुढे तिथून हलत नाही.

काटकसर:
मी कुपन पहिलं ठेवलं असतं, पण असो. जाहीर करण्याच्या नियमाचं काय?

हिशेबनीस:
तो तिन्हींत धरलाय. मतदानाआधी, आठवड्याच्या आत, आणि शोधता येईल अशा तक्त्यात. स्कॅन केलेल्या तिरक्या पानांत नको, त्यात बेरीज करता येत नाही. छोट्या देणगीदारांची नावं मात्र छापू नयेत, मालकाने कामगाराचं नाव विरोधी पक्षाच्या यादीत वाचावं हे कुणालाच नको. उंबरठा एका पावतीवर नव्हे तर वर्षाच्या बेरजेवर लावायचा, नाहीतर मोठी देणगी तुकडे करून उंबरठ्याखालून येते. एकाच मालकाच्या कंपन्या एकच देणगीदार धरायच्या.

निमूट:
आणि वर्ष कुठलं तेही लिहा. मर्यादा कॅलेंडर वर्षाला असेल आणि निवडणूक जानेवारीत, तर ३१ डिसेंबरला एक पूर्ण देणगी आणि १ जानेवारीला दुसरी. एका रात्रीत मर्यादा दुप्पट.

ताळेबंद:
हे मूळ धाग्यात घालायला हवं होतं. मर्यादा निकाल ते निकाल अशा फेरीला लावली तर ही फट बुजते, पण मध्येच सभागृह बरखास्त झालं तर फेरी लहान होते आणि ज्याने आधीच पूर्ण दिलं त्याला लगेच पुन्हा देता येतं. त्यासाठी फेरीसोबत "कुठल्याही सलग बारा महिन्यांत मिळून" असं दुसरं कुलूप लावावं लागेल.